फुलपाड्यातला हुशार विद्यार्थी

इंग्रजी शिकवण्यातला प्रोफेशनलपणा म्हणजे काय, हे विरार पूर्वेत फक्त मला कळतं. माझ्याकडे परदेशी संस्थेचं सर्टिफिकेट आहे, प्रत्येक तासाचा मिनिटवार आराखडा आहे, आणि मे महिन्यातही मी ब्लेझर घालून शिकवतो. मनवेलपाड्यातल्या माझ्या क्लासला नऊ विद्यार्थी होते. होते म्हणजे, रिटा मिस येईपर्यंत.

रिटा मिस वसईच्या शाळेतून रिटायर झाल्या आणि फुलपाड्यात भाचीच्या रिकाम्या गाळ्यात इंग्रजी शिकवू लागल्या. सर्टिफिकेट नाही, प्रोजेक्टर नाही. तरी दाराबाहेर चपला इतक्या, की आत कुणाचा साखरपुडा आहे असं वाटावं. माझे पाच विद्यार्थी तिकडे गेले. उरलेले चार गेले की क्लास बंद आणि मी काकांच्या टाइल्सच्या दुकानात.

"त्यांच्याकडे खूप हसतात म्हणे, सर," उरलेल्यांतल्या हंसाताई म्हणाल्या. त्यांना मुलीच्या शाळेत पालकसभेला इंग्रजीत भांडायचं होतं.

"इंग्रजी हा हसण्याचा विषय नाही."

"ते इथे आल्यावर कळलंच."

मी जळत नव्हतो. मला फक्त व्यावसायिक निरीक्षण करायचं होतं. म्हणून मी शत्रुघ्न असं नाव सांगून, इंग्रजीचा गंध नसलेला माणूस बनून मिसच्या सकाळच्या बॅचमध्ये शिरलो; मला ओळखणारे माझे पाच जण संध्याकाळच्या बॅचला जायचे.

पहिल्या दिवशी मिसनी टेबलावर केळ्यांचा घड ठेवला. अर्धी बॅच विकणारी, अर्धी घेणारी, आणि घासाघीस इंग्रजीत. आराखड्याचा पत्ता नाही. मी वहीत मिसच्या चौदा चुका लिहिल्या. मग दोन केळी घेतली.

दर शुक्रवारी सगळ्यांत हुशार विद्यार्थ्यासाठी टाळ्या व्हायच्या. तीन शुक्रवार त्या दिपिकाला मिळाल्या. ही दिपिका आचोळ्याला पार्लरमध्ये कामाला, आणि टाळ्या घेताना माझ्याकडे बघायची. निदान मला तसं वाटायचं. चौथ्या शुक्रवारी मला राहवलं नाही. मी उठलो आणि केळं या विषयावर आठ मिनिटं अस्खलित इंग्रजीत बोललो.

मिसनी चष्मा काढून डोळे पुसले. "बाळा, तेहतीस वर्षांत असं पाहिलं नाही. गेल्या महिन्यात तू गुड मॉर्निंगला घाबरत होतास."

टाळ्या झाल्या. दिपिकाचा चेहरा उतरला. खरं सांगतो, सर्टिफिकेट मिळालं तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. मिसनी फोटो काढायचा का विचारलं, तर मी केस नीट करून हसलो.

सोमवारी मनवेलपाड्याच्या नाक्यावर, एका भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सशेजारी, मी दहा फुटी उभा होतो. खाली मिसच्या क्लासचा पत्ता आणि मजकूर: 'चार आठवड्यांपूर्वी शून्य. आज पाहा!'

क्लासमध्ये चौघं माझी वाट बघत होते.

"सर, तुम्हीपण तिकडे शिकायला जाता होय?" हंसाताई म्हणाल्या. "आधी सांगायचं ना. एकच रिक्षा केली असती."

"तो मी नाही. तो शत्रुघ्न."

"जुळे का?"

"हो."

"मग तो बघा किती पुढे गेला."

चौघंही एकाच रिक्षाने मिसकडे गेले.

मी तडक फुलपाड्याला पोचलो आणि मिससमोर उभं राहून माझं खरं नाव श्रीरंग, माझं सर्टिफिकेट, शिकवण्यातली माझी आठ वर्षं, हे सगळं संतापाने इंग्रजीत ऐकवलं. मिस मान डोलावत राहिल्या. मागे दिपिका मोबाइलवर शूटिंग करत होती.

"रागातपण इंग्रजीच," मिस बॅचकडे वळून म्हणाल्या. "मी म्हणते ना, भाषा अशी आतून यायला पाहिजे."

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ विरारभर फिरला. दुसऱ्या दिवशी मिसकडे दोन नव्या बॅच सुरू झाल्या.

क्लास बंद केल्यावर मी काकांच्या दुकानापर्यंत गेलो, बाहेरूनच टाइल्स पाहिल्या आणि परत येऊन मिसकडे नोकरी मागितली. या वेळी मराठीत, सर्टिफिकेट पुढे ठेवून. मिसनी ते दोन्ही बाजूंनी नीट वाचलं.

"म्हणजे इंग्रजी तुला आधीपासून येत होतं," त्या म्हणाल्या. "बरं झालं. आता फक्त शिकवायला शीक."

सध्या मला दिपिकाच्या हाताखाली दिलंय.