निळ्या गाडीची खूण

सात दिवसांच्या परदेशवारीतला एक दिवस बायकोने मागून घेतला. कंट्रोलरसाहेबांनी बसडेपोत तीस वर्षं गाड्या सोडल्या होत्या आणि सहलही त्याच शिस्तीत आखली होती. चार दिवसांत अकरा ठिकाणं उरकली. पाचव्या दिवशी बायको पलंगावरून उठेचना.

"आज घड्याळ नाही, फोन नाही, यादी नाही," ती म्हणाली. "जमत नसेल तर तुम्ही एकटे जा."

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच साहेब घाबरले. त्यांनी घड्याळ आणि दोघांचे फोन कपाटात कोंडले. रोजच्यासारखी आपली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी धुऊन गॅलरीत वाळत घातली, चिमटे लावले आणि किल्ली खाली काउंटरवर देऊन दोघं निघाले. हॉटेलचं नाव त्या किल्लीच्या बिल्ल्यावर होतं. साहेबांनी ते कधी वाचलं नव्हतं. खूण मात्र त्यांनी पक्की धरली होती, कोपऱ्यावरच्या निळ्या गाडीपासून डावीकडे.

पाव आणि पेअरची चार फळं घेऊन दोघं परतले, तर निळी गाडी सुटलेली. जन्मभर गाड्या सोडणाऱ्या माणसाने उभ्या गाडीवर भरवसा ठेवावा, याला काय म्हणावं! आता सगळे कोपरे सारखेच दिसू लागले. विचारावं तर नाव माहीत नाही. शिवाय 'ती हिरव्या सीटची बस कुठं लागते' असं विचारणाऱ्या प्रवाशांना साहेब तीस वर्षं हसत आले होते.

"जरा पाय मोकळे करू या का?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

बायको खुशीत चालू लागली. एका चांभाराच्या दुकानावरून ते तीनदा गेले. चौथ्यांदा त्याने हसून स्टूल पुढे केलं, तेव्हा बायकोने चपलेचा पट्टा शिवून घेतला. पुढे एक छोटी बाग लागली. बायको बाकावर टेकली, चपला काढल्या आणि पेअर खाऊ लागली. तिने मागितलेला एकुलता एक दिवस आपण मातीत घालणार, हे साहेबांना मात्र दिसत होतं. ते कळू नये म्हणून ते बोलत राहिले. लग्नानंतरची पहिली खोली, गळका नळ, शेजारीण, सगळं निघालं. बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

ऊन उतरलं तेव्हा साहेबांचा धीर सुटला. "अगं, आपण हरवलोय. सकाळपासून."

बायकोने पेअरचा देठ समोर रोखला. समोरच्या इमारतीच्या मागच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी वाऱ्यावर हलत होती.

"तुला कधी दिसली?"

"बसले तेव्हाच. ठिगळ मीच लावलंय, ओळखणार नाही होय?"

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वर जाऊन घड्याळ घातलं असतं."

साहेब उठले. चड्डीकडे पाहिलं, बायकोच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि पुन्हा बसले.

"अजून ओली असेल ती," ते म्हणाले आणि शेवटचा पेअर त्यांनी अर्धा केला.