बाटलीतला युरिया

संजूनं शहापूरहून युरिया आणला तो हातातल्या पिशवीतून. एरवी डोळखांबपासून पाड्यापर्यंत गोण वाहताना मान मोडायची. औंदा अर्ध्या लिटरची बाटली. हे नॅनो आहे, यात अख्ख्या गोणीचं बळ आहे, पंपानं पानावर मारायचं, मग खत ओढ्याला वाहून जात नाही, असं त्यानं आईला समजावलं. हिराबाईनं बाटली उलटी करून पाहिली.

"आन् गोण?"

"गोण नाय येत, आये. तेच तर बरं हाय."

आतून संजूच्या बापानं, धाऊनं हाक दिली, "आली का रं गोण?"

धाऊची नजर गेली, तशी शेताची वाट गेली, हातचा कोयता गेला. उरलं एकच काम. लावणीच्या तोंडावर युरियाच्या रिकाम्या गोणीची पावसात पांघरायची खोळ शिवायची, हिराबाईच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची. हिराबाईनं ओवून दिलेली सुई घेऊन तो सकाळपासून बसला होता.

"आली," हिराबाई म्हणाली.

मग आण म्हणाला. भरलेली आहे म्हणाली. पिंपात ओत म्हणाला. ओतते म्हणाली, आणि शेजारच्या सावळीकडे धावली. सावळीकडंही बाटलीच आलेली. तिच्या म्हाताऱ्यानं ती दारूची समजून पेला पुढं केला होता. पाड्यातल्या जुन्या गोणींत कुठं कोळसा, कुठं कोंबडी अंड्यावर.

शेवटी हिराबाईनं घरामागं बसून आपली गेल्या सालची खोळ उसवली, धुतली, वाळवली. पण युरियाचा वास कुठला आणायचा? तिनं बाटलीतलं झाकणभर शिंपडलं. वास काही येईना.

"आये, अर्ध्या पंपाचं खत सांडलंस," संजू कळवळला.

"सांडू दे. भाताला दुसरं मिळंल."

तिनं गोण धाऊच्या मांडीवर ठेवली. त्याची बोटं काठावरून फिरली. एका जागी थांबली, परत मागं गेली, आपल्याच जुन्या टाक्यांच्या भोकांवरून एकेक करून चालली. संजू दारात बाटली धरून उभा.

"गोण चांगली हाय गो," धाऊ हळू म्हणाला. "औंदा कंपनीनं भोकं बी पाडून दिली."

आणि एकेका भोकातून सुई घालत तो शिवू लागला.