सायफिनच्या देवीपुढे थावोन मास्तर

गुडघ्याचं दुखणं वयामुळे आहे, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी थावोन मास्तरांना सांगितलं. बाजारामागे राहणाऱ्या, अंगात येणाऱ्या बाईने मात्र डोळे मिटून सांगितलं की पाणी कोसळतं अशा ठिकाणचा तुमचा एक नवस राहिलाय. मास्तरांना बाईचं पटलं. वय फेडता येत नाही, नवस येतो.

शिवाय ते खरंही होतं. मास्तर नोकरीला नवीन असताना शिक्षकांची सहल सायफिनच्या धबधब्यावर गेली होती. सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी डोहात डुंबत होते. शिवण शिकवणाऱ्या लामुनबाई तेवढ्या खडकावर बसून कमरेला नेसलेल्या पिवळ्या सारोंगचा काठ पिळत होत्या. तो काठ पाहून तरुण थावोन तडक देवीच्या ठाण्यापुढे गेला आणि हात जोडून म्हणाला, या मला ‘हो’ म्हणाल्या तर मी इथे येऊन नाचेन. शहाणा माणूस अशा वेळी नाचणाऱ्या बायका ठरवून आणायचं कबूल करतो. थावोनच्या तोंडून ‘मी’ निघून गेलं. वर्षाच्या आत लामुनबाई ‘हो’ म्हणाल्या, मास्तर संसाराला लागले, पुढे शाळेत शिस्त बघू लागले. ते नुसते खाकरले तरी मैदान गप्प व्हायचं. अशा माणसाला नाचायला सवड कुठली?

बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं, की बढतीसाठी बोललेला एक जुना नवस आहे. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी कुरकुरणाऱ्या लामुनबाई या वेळी लगेच तयार झाल्या. निघताना त्यांनी उकडलेल्या अंड्यांची भलीमोठी टोपली उचलली.

“एवढी अंडी कोण खाणार?” मास्तरांनी विचारलं.

“प्रवासात भूक लागते,” बाई म्हणाल्या.

चार लोकांत शोभा नको म्हणून मास्तरांनी बुधवार निवडला होता. बुधवारी सायफिनला चिटपाखरू नसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण गाडीतळावर उतरून पाहतात तो शाळेच्या बसगाड्या ओळीने उभ्या. आणि शाळा त्यांचीच. सहल बुधवारीच न्यावी, गर्दी नसते, हा नियम खुद्द मास्तरांनी घातला होता आणि ते निवृत्त झाल्यावरही शाळेने तो इमानाने पाळला होता.

मास्तर म्हणाले, गुडघा आज बराच बरा आहे, परत जाऊ. लामुनबाई टोपली घेऊन पायऱ्या चढायला लागल्या.

डोहातल्या पोरांनी मास्तरांना पाहिलं आणि क्षणात पाणी रिकामं झालं. निथळत्या अंगाने सगळी काठावर उंचीप्रमाणे रांगेत उभी राहिली. सगळ्यांत मागे त्यांचे शिक्षक सकदा. गळ्यात लांबडा ढोल. विद्यार्थी असताना बसमध्ये हाच ढोल वाजवला म्हणून मास्तरांनी त्यांना दिवसभर झेंड्याखाली उभं केलं होतं. सकदांनी नमस्कार केला, पण ढोल लपवावा कुठे ते त्यांना कळेना.

ठाण्यापुढे लोकांनी देवीला वाहिलेल्या लाल सरबताच्या बाटल्या मांडलेल्या होत्या, प्रत्येकीत स्ट्रॉ घातलेली. मास्तरांनी उदबत्त्या लावल्या. नवस फेडताना देवीला नाव, गाव आणि काय मागितलं होतं ते सांगावं लागतं. मास्तर ते ओठांतल्या ओठांत पुटपुटले.

“अहो, तिला ऐकू तरी जाऊ दे,” लामुनबाई म्हणाल्या. “पाण्याचा आवाज केवढा आहे.”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, देवीकडे पाहिलं. बायकोला बढती सांगून झालं होतं. देवीला बढती सांगून गुडघा सुटणार नव्हता. त्यांनी घसा साफ केला. पण त्या घशाला हळू बोलायची सवयच नव्हती. सकाळच्या प्रार्थनेला मैदानाच्या टोकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात ते म्हणाले, “मी थावोन. लामुनबाईंनी माझ्याशी लग्न करावं, असं मी मागितलं होतं. त्या मिळाल्या. आता मी नाचतो.”

रांग हलली नाही. लामुनबाई उगीच टोपलीवरचं फडकं सारखं करत राहिल्या.

“सर,” सकदा जपून म्हणाले, “ढोल चालेल का?”

“चालेल,” मास्तर म्हणाले. “पण तालात.”

मग मास्तर इस्त्रीची पँट दुमडून, हाताचे पंजे मुडपत, एक पाय जपून टाकत नाचले. पहिल्या फेरीला पोरं श्वास रोखून बघत होती. दुसऱ्या फेरीला रांग मोडली आणि तिसरीला सगळा काठ त्यांच्यामागून नाचत होता. रांग मोडल्याबद्दल कोणाला शिक्षा झाली नाही.

मास्तर धापा टाकत लामुनबाईंच्या त्या जुन्या खडकावर येऊन बसले. लामुनबाई ठाण्यापुढे एकेक अंडं मांडत होत्या.

“हे काय?”

“माझाही राहिलाय. त्याच सहलीतला.”

मास्तरांचा चेहरा उजळला. “म्हणजे तूसुद्धा मला...”

“छे. तुम्ही रोज माझ्या वर्गाच्या खिडकीत सुकी मासळी ठेवून जायचात. पोरींनी शिवलेल्या झंपरांना वास यायचा. मी म्हटलं, देवी, या माणसाची बदली कर, अंडी वाहीन.”

मास्तरांमधला शिस्तीचा माणूस जागा झाला. “पण बदली तर झालीच नाही. मग नवस कसला फेडतेस?”

लामुनबाईंनी शेवटचं अंडं घरंगळू नये म्हणून बाटलीला टेकवून ठेवलं.

“झाली नाही, म्हणून तर वाहतेय.”

मग देवीची परवानगी मागून त्यांनी एक अंडं परत उचललं, सोललं आणि मास्तरांच्या हातावर ठेवलं. मास्तरांचा गुडघा आता सकाळपेक्षा जास्त ठणकत होता. ते अंडं खात राहिले.