दोनशे बारा नंबरची बादली

मी कुठेही शिरू शकते आणि कोणाच्या नजरेस न पडता बाहेर येऊ शकते! ही बढाई नाही. शाळेत गणिताच्या तासाला मी चौदा मिनिटं बाकाखाली बसून पफ-पफचे गोड तळलेले गोळे खाल्ले, आणि बाईंनी मला हजर लावलं! त्यामुळे चार दिवस सुट्टी मिळाली तेव्हा मी बेधडक ताईला फोन केला. माझी ताई, देमी, लागोसच्या विद्यापीठात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि त्याच शनिवारी तिच्या विभागाची पार्टी होती. सगळ्यांनी पांढरे कपडे घालून यायचं! माझा पांढरा फ्रॉक चार महिने कपाटात लटकून उसासे टाकत होता.

“तिवा, नाही म्हणजे नाही!” ताई म्हणाली. “हॉस्टेलवर चोरून ठेवलेलं माणूस सापडलं की ठेवणारीची खाट जाते. बारा दिवसांवर परीक्षा आलीय माझी. मग काय रोज घरून येऊ? तीन तास जायला, तीन तास यायला, आणि उरलेल्या वेळात वकील होऊ?”

“अगं, पण मी कोणाला दिसणारच नाही!”

“तू? तू शिंकलीस तरी पलीकडच्या गल्लीतला कोंबडा आरवतो!”

पण ताईचं मन पावासारखं आहे. दोन दिवस फोनवर भिजवलं की मऊ पडतं.

शनिवारी दुपारी मी ओगेचीच्या आडून फाटकातून आत शिरले. ओगेची ही ताईची खोलीतली मैत्रीण. तिच्या आडून एक छोटी बससुद्धा आत गेली असती! फाटकावरच्या सिकिरा मावशींनी वहीतून मान वर केली नाही. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

संध्याकाळी आवरताना माझ्या वेण्या घालता घालता ओगेची म्हणाली, “हे बघ, रात्री एकटीने खाली नळावर जायचं नाही.”

“का?”

आधी तुम्हाला सांगायला हवं, या हॉस्टेलात पाणी येतं पहाटे तीनला, आणि तेही फक्त खालच्या नळाला. रात्रभर उभं कोण राहणार? म्हणून माणसांऐवजी बादल्या रांगेत उभ्या राहतात. प्रत्येक बादलीवर रंगाने नाव आणि खोलीचा नंबर.

“फार वर्षांपूर्वी,” ओगेची कुजबुजली, “एका मुलीची बादली कोणीतरी रांगेतून काढून टाकली. ती शोधायला खाली गेली ती गेलीच. अजून शोधते. पांढरे कपडे, पांढरं तोंड, पावलांचा आवाज नाही. मागून येते आणि हळूच विचारते, माझी बादली पाहिलीस का?”

“मग काय उत्तर द्यायचं?”

“उत्तर द्यायला आजवर थांबलंय कोण!”

मी खदाखदा हसले. असल्या गोष्टी शाळेत मीच नवीन मुलींना सांगते.

पार्टी कशी झाली ते सांगत बसत नाही, कारण जोलोफ भात आमचा नंबर येईपर्यंत संपला होता. पण नाचले मी, पायांचे पाव होईपर्यंत! बाराला जनरेटरने मान टाकली आणि आम्ही परत आलो. ओगेची तशीच खालच्या हॉलमध्ये रात्रभराच्या प्रार्थनेला गेली. आमच्याकडे शनिवारची रात्र अशीच असते, आधी नाच आणि मग पश्चात्ताप.

खोलीत वीज नव्हती. हवा अशी, की जणू कोणीतरी आमच्यावर झाकण ठेवून खाली जाळ लावलाय! ताई खाटेवर कोसळली.

“बादली खाली रांगेत आहे... तीनला उठव मला... परवा कोणीतरी माझी बादली मागे ढकलली...” आणि घोरायला लागली.

अडीच वाजले तरी मला घामोळं इतकं टोचत होतं, की मी अंधारातच पावडरचा डबा तोंडावर, मानेवर, हातांवर उपडा केला. अर्धा जमिनीवर सांडला. त्यातच उभी राहिले. आणि मग माझ्या मनात प्रेमाचं भरतं आलं! बिचारी ताई. झोपू दे तिला. आपणच जाऊन पाणी आणू. तीन वाजता बघायला आहे कोण? सुजलेल्या पायांत सँडल शिरेनात, म्हणून अनवाणीच निघाले.

जिन्यात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदाच वाटलं, खोलीतच बरं होतं.

संबंध इमारत अंधारात श्वास रोखून बसली होती. खाडीवरचा वारा खालून वर येत होता, ओल्या फडक्यासारखा. कुठूनतरी खूप माणसं तोंड मिटून गुणगुणत असल्याचा आवाज येत होता. ही ओगेचीची प्रार्थना, असं मी स्वतःला बजावलं.

खाली चांदण्यात बादल्यांची रांग उभी होती. पन्नासेक असतील. दिवसा नुसतं प्लॅस्टिक, पण आता वाटत होतं, सगळ्या जणी माना खाली घालून कोणाची तरी वाट पाहतायत. मी वाकून नावं वाचत गेले. ताईची बादली तिच्या जागी नव्हती. टप. नळातून एक थेंब पडला आणि माझ्या अंगावरचा प्रत्येक केस उठून उभा राहिला.

तेवढ्यात नळाजवळ बॅटरी हलली. एक मुलगी! जिवंत! इतका आनंद झाला, की मी धावतच तिच्या मागे गेले. मोठ्याने बोलायची चोरी, म्हणून कानाशी तोंड नेऊन अगदी नम्रपणे विचारलं, “माझी बादली पाहिलीस का?”

ती वळली. तिने माझा फ्रॉक पाहिला. माझं तोंड पाहिलं. मग तिने जी किंकाळी फोडली, ती ऐकून मीही फोडली! आमच्या दोघींच्या सुरात सूर मिसळून हॉलमधली चाळीस माणसं गायची थांबली.

बॅटरी खाली पडली आणि तिच्या उजेडात मला दिसलं, पाइपामागे ढकललेली बादली. ‘देमी, २१२’. मी ती उचलली आणि जिन्याकडे सुटले.

“तिथे! तिथे! पांढरं!” मागून ओगेचीचा आवाज आला. “अग्नी! भस्म हो!”

चाळीस जणी माझ्या भस्मासाठी ओरडत जिना चढत होत्या! पहिल्याच वळणावर बादली हातातून सुटली आणि गडगडत खाली गेली. मागच्या पावलांनी तिला पाहिलं आणि तितक्याच वेगाने ती पावलंही खाली गेली. मी वर, वर, आणि भीतीपोटी एक मजला जास्तच वर! वाऱ्यासाठी उघड्या ठेवलेल्या एका दारातून आत घुसले आणि थेट खाटेखाली.

तिथला अंधार सर्वांत दाट होता. आणि तो श्वास घेत होता.

एक गार, ओला हात माझ्या मनगटावर पडला.

“सरक,” अंधार म्हणाला. “इथे जागा नाही.”

“तु... तुम्ही जिवंत आहात?”

“गुरुवारपर्यंत तरी. गुरुवारी रसायनशास्त्राचा पेपर आहे.” तीही माझ्यासारखीच चोरून राहणारी होती, उकाड्यासाठी ओला टॉवेल गुंडाळून झोपलेली. “बाहेर कसला गोंधळ?”

“भूत आलंय.”

“बाई गं! कुठपर्यंत आलंय?”

मला खोटं बोलायला जमत नाही. “इथपर्यंत,” मी म्हणाले.

तिने ओला टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला, तो पहाटेपर्यंत काढला नाही. माझाही डोळा लागला नाही, कारण तोवर मला आठवलं होतं, की जिन्यात पडलेल्या बादलीवर माझ्या ताईचं नाव आहे. खोलीच्या नंबरासकट! आता ती बादली दोनशे बारामध्ये जाईल आणि ताईची खाट घेऊन परत येईल.

उजाडताना मी खोलीत पोहोचले, तोंड पुसलं आणि ताईला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. नुसती पुस्तकं पिशवीत भरायला लागली. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

जिन्याखाली अख्खं हॉस्टेल गोळा झालं होतं. मध्ये बादली. तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती. ओगेचीने तिच्यावर पवित्र तेलाची अख्खी बाटली ओतली होती. आणि पायऱ्यांवर पांढरी पावलं! वरून खाली आलेली, आणि मध्येच संपलेली.

दातवणाची कडू काडी चावत सिकिरा मावशी आल्या. वाकल्या. वाचलं.

“देमी कोण?”

“मी,” ताई म्हणाली. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता, की माझी बोटं बधिर झाली.

मावशींनी पावलांकडे पाहिलं. मग गर्दीवरून नजर फिरवत ती अगदी सावकाश खाली आणली. माझ्या पायांवर.

“म्हणजे तिने या वेळी देमीची बादली उचलली,” मावशी म्हणाल्या.

“कोणी, मावशी?” ओगेचीने विचारलं.

“माहीत असून विचारतेस? बावीस वर्षं सांगतेय, दहानंतर बाहेर भटकू नका! देमी, बादली धू आणि अभ्यासाला लाग.”

गर्दी पांगली. ताई पायरीवर बसून रडली आणि मग हसली. शिवाय, त्या दिवसापासून तिची बादली रांगेत सगळ्यांत पुढे असते. मागे ढकलायची टाप आहे कोणाची!

दुपारी चर्चला निघालेल्या मुलींच्या घोळक्यातून मी फाटकाबाहेर सटकत होते. अगदी अदृश्य! तोच मावशी वहीतून मान वर न करता म्हणाल्या, “पायाला पावडर लावायची नाही. ठसे उमटतात.”

माझे पाय जमिनीला चिकटले.

“आधीची कधी ठसे सोडायची नाही,” मावशी पुढे म्हणाल्या. “पण तिचं लग्न झालं, आबुजाला गेली. दोन वर्षं जागा रिकामी आहे, आणि पोरी एक-एक वाजता यायला लागल्यात. भूत फिरलं की महिनाभर दहाच्या आत घरात!”

“मावशी... ताईची खाट?”

“खाट कुठे जातेय? मात्र पुढच्या महिन्यात डॉक्टरकीच्या पोरांची पार्टी आहे. तेव्हा ये.”

जीव भांड्यात पडला तेव्हा कुठे मला विचारायचं सुचलं. “आणि त्या आबुजावालीच्या आधी कोण होती?”

मावशींचं पेन थांबलं. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

“तिच्या आधी मी हे काम कोणालाच सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

तर असं आहे. महिना होत आला, येत्या शनिवारी मला जायचंय. आईला सांगितलंय, ताईकडे अभ्यासाला जाते, आणि तिने हो म्हटलंय. फक्त अभ्यासाला स्वतःची नवी बादली कशाला लागते, आणि तिच्यावर नाव का लिहायचं नाही, हे तिला काही केल्या पटवता येत नाहीये!