मेव्हण्याची गाडी भरतीत

समुद्राविषयी मला कुणी काही शिकवायची गरज नाही! उमरीच्या शाळेत अठरा वर्षं झाली मी भूगोल शिकवून राहिलो. भरती कशानं येते, ओहोटी कशानं होते, चंद्र कुठं, पृथ्वी कुठं, हे सगळं मी फळ्यावर डोळे मिटून काढतो. आता या अठरा वर्षांत प्रत्यक्ष समुद्र पाहिला नव्हता, ती गोष्ट वेगळी. सूर्यावर तरी कोण जाऊन आलंय? पण शिकवतोच की!

यंदा दिवाळीत माझ्या मेव्हण्यानं, मुदखेडच्या बजरंगनं, नवी कोरी गाडी घेतली, आणि बायकोनं फर्मान काढलं, "समुद्र पाहायला जायचं!" मी, बायको शिल्पा, लेक शिवानी, सासूबाई साखराबाई आणि चालक-मालक बजरंग, असे आम्ही पाच जण निघालो. बजरंग त्या गाडीला नव्या नवरीसारखा जपायचा. चहाला थांबलं की आधी काच पुसायचा, मग चहा प्यायचा. "दाजी, पाय झटकून बसा!" हे वाक्य मी उमरीपासून दापोलीपर्यंत निदान शंभर वेळा ऐकलं.

दापोलीच्या पुढं समुद्रकाठच्या एका गावात मयेकरकाकांच्या घरी आमची उतरायची सोय होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही किनाऱ्यावर गेलो. बाप रे! पाणीच पाणी! जिकडं पाहावं तिकडं पाणी! आमच्या उमरीत नळाला एवढं पाणी आलं असतं तर गावानं मिरवणूक काढली असती. मी ताबडतोब निकाल दिला, "ही भरती!"

"कशावरून, बाबा?" शिवानीनं विचारलं.

"दिसत नाही का? याच्यापेक्षा जास्त पाणी असतं कुठं?"

त्याच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गावाचा कौटुंबिक क्रीडा मेळावा होता. झुंबा, पोत्यांची शर्यत, रस्सीखेच, लिंबू-चमचा, सगळं वाळूवर! तब्येत सुधारावी आणि मजाही यावी, असा बेत. पाहुण्यांनाही भाग घेता येत होता. मी सगळ्यांची नावं देऊन टाकली. बजरंगला झुंबात घातलं, मी स्वतः पोत्यात.

"मले गुडघ्यानं चालवत न्हाई बापू," सासूबाई म्हणाल्या. "त्या वाळूत पाय रुततेत."

"तुम्ही कामून चालता? गाडीनं नेतो!"

बजरंग झुंबासाठी आधीच पुढं गेला होता. किल्ली खुंटीवर होती. मी सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवलं, मायलेकींना मागं, आणि गाडी थेट वाळूवर उतरवली. चांगली टणक, ओलसर वाळू पाहून, अगदी पाण्याकडच्या अंगाला, समुद्र समोरून दिसेल अशी लावली. सासूबाई खूश. दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून वारा खात बसल्या.

तेवढ्यात मयेकरकाका धावत आले. "मास्तर, गाडी वर घ्या हो. पाणी येईल."

मी हसलो. विद्यार्थ्याकडं पाहून हसावं तसं. "काका, काल भरती आठला होती. रोज पन्नास मिनिटं पुढं सरकते. म्हणजे आज आठ पन्नासला झाली. आता साडेदहा वाजलेत. पाणी उतरून राहिलंय!"

"अहो, पण..."

"चंद्राचं गुरुत्वाकर्षण, काका!"

काका माझ्याकडं बघत राहिले. बिचाऱ्यांना एवढा शास्त्रीय माणूस पहिल्यांदाच भेटला असावा. तेवढ्यात त्यांना मंडपातून कुणी हाक मारली आणि ते गेले.

पोत्यांची शर्यत सुरू व्हायला साडेअकरा वाजले. मी पोत्यात. शिट्टी वाजली! पहिल्या वीस पावलांत मी सगळ्यांच्या पुढं! माझ्या उड्या पाहून लोक ओरडत होते, मी आणखी फुगत होतो. इतक्यात शिवानी ओरडली, "बाबा! पाणी!"

काय गुणाची पोरगी! बापाला तहान लागली असेल म्हणून तिचा जीव तुटतोय!

"शर्यत झाल्यावर पितो!" मी ओरडलो.

"अहो, पाणी! पाणी!" आता शिल्पा ओरडायला लागली. दोन्ही हात हलवत होती. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण माझ्यासाठी इतकी कासावीस झालेली मी तिला पाहिली नव्हती. मी पोत्यातूनच तिला हात केला आणि त्या नादात तोंडावर पडलो. तोंड वर केलं तर समोर काय दिसावं?

गाडीची अर्धी चाकं पाण्यात! आणि पुढच्या सीटवर सासूबाई!

पोतं काढायचंही भान राहिलं नाही. उड्या मारतच मी गाडीकडं निघालो. मंडळींना वाटलं मी वाट चुकलो. माईकवाला ओरडून राहिला, "पोत्यातले काका, शर्यत इकडं आहे!"

"मामी! भिऊ नका!" मी पाण्यात शिरलो.

"मी कामून भिऊ?" सासूबाई पाय पाण्यात हलवत बसल्या होत्या. "ही गंगा आपोआप जवळ आली की! पण बापू, लई खारट हाय हो."

"पाय आत घ्या मामी! दार लावा!"

पोतं फेकून मी आत शिरलो आणि गाडी चालू केली. चाकं गरगर फिरली, वाळू उडाली, गाडी जागची हलेना. उलट पुढून खाली बसायला लागली. म्हैस डबक्यात बसावी तशी! तेवढ्यात झुंबाच्या चमकीच्या पट्ट्या कपाळाला बांधलेला बजरंग धावत आला. त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

"दाजी! माझी गाडी! माझी माय!" गाडी आधी आठवली, माय नंतर.

"काळजी करू नको. पाणी उतरतंच आता."

"कुठं उतरतंय? चढतंय मास्तर!" मागून मयेकरकाका ओरडले. "काल आठला तुम्ही पाहिलीत ती ओहोटी होती! पुरी भरती आज दुपारी तीनला!"

ओहोटी? तेवढं सगळं पाणी म्हणजे ओहोटी? मग भरती किती असते? सासूबाईंना उचलून न्यावं तर त्या खाली उतरायला तयार नाहीत. "आत्ता तर बसले. गाडीसंगंच येईन!"

तेव्हा धावून आल्या कोळीवाड्यातल्या बायका. रस्सीखेचीचा अंतिम सामना त्यांचाच होता आणि मनगटाएवढा दोर हातात तयार होता! त्यांच्या कप्तानबाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दोर गाडीच्या मागच्या कडीला बांधला, दोन्ही संघ एका बाजूला उभे केले आणि मला म्हणाल्या, "तुम्ही आत बसा. गिअर काढा. काही करू नका."

माईकवाल्याला तर चेवच आला. "आता सुरू होतोय महाअंतिम सामना! सोळा बायका विरुद्ध एक गाडी!"

"हय्या हो!" गाडी तसूभर हलली आणि अडकली.

"हय्या हो!" पुरुषही धावले. बजरंग रडत रडत ओढत होता. मयेकरकाका ओढत होते. झुंबा शिकवणाऱ्या मॅडम ओढत होत्या. चाळीस माणसं! मागची चाकं वाळूत नांगरासारखी घासत होती. पाणी दाराच्या उंबऱ्याला टेकलं.

मी खिडकीतून डोकं काढून सूचना देत होतो, "कंबरेतून जोर लावा! श्वास सोडू नका!"

तेवढ्यात सासूबाईंनी माझी बाही ओढली. "बापू, ही काठी अशी वर कामून हाय?"

"कोणती?"

"ही, मधातली. बजरंग गाडी चालू करताना हिला खाली करतो. मी रोज पाहते."

मी खाली पाहिलं. हँडब्रेक! गाडी लावताना मीच करकचून ओढलेला!

मी हळूच, अगदी हळूच, बटण दाबून तो खाली सोडला. बाहेर त्याच क्षणी "हय्या हो!" झालं, आणि गाडी बुच निघावं तशी सुटली! चाळीसच्या चाळीस माणसं वाळूत उताणी! गाडी त्यांच्या अलीकडं चार हातांवर येऊन थांबली. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका! कप्तानबाई कंबर चोळत उठल्या आणि पहिल्यांदा हसल्या. बजरंग आधी आईच्या गळ्यात पडला, हे मुद्दाम सांगतो, आणि मग बोनेटच्या.

"दाजी, शेवटी एकदम कशी काय निघाली हो?" त्यानं डोळे पुसत विचारलं.

मी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

"लोकांनी जोर लावला, दुसरं काय!" त्या म्हणाल्या.

काय थोर बाई! मी मनातल्या मनात दंडवत घातला. परत येताना त्या म्हणाल्या, "मी चार दिवस उमरीला राहून जाते." मी म्हणालो, "चार काय, आठ राहा!"

आता फेब्रुवारी लागला. माझी खुर्ची त्यांची, टीव्ही त्यांचा, सकाळचा पेपरही आधी त्यांना वाचून दाखवायचा. बातम्या लावायला रिमोटकडं हात नेला, की त्या मालिकेवरची नजर न काढता नुसतं म्हणतात, "बापू, बजरंगचा फोन लावून देता का जरा?"

मी हात मागं घेतो. मालिका तशी बरी आहे हो!