शेवडेकाकांच्या वावटळी

शेवडेकाकांच्या घरात सहा वावटळी आहेत आणि त्यांतली एकही जागची हलत नाही.

पहिली वावटळ म्हणजे त्यांची स्कूटर. ती आमच्या इमारतीच्या जिन्याखाली उभी असते आणि मी बदली होऊन सॉल्ट लेकला आले त्याच्या आधीपासून तिच्या चाकांत हवा नाही. दुसरी वावटळ मांजर आहे. ते दिवसातले वीस तास झोपतं आणि उरलेले चार तास झोपायला नवी जागा शोधतं. टेबलफॅन वावटळ, त्याचा आवाज तेवढा येतो. डुलती खुर्चीही वावटळच, पण ती डुलू नये म्हणून खाली विटेचा तुकडा लावला आहे. मग बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि गॅलरीतली कढीलिंबाची कुंडी. छत्री धरली तर सात होतात, पण ती काका दर पावसाळ्यात बसमध्ये विसरून येतात, म्हणून मी धरत नाही.

बरं, नाव तरी काय निवडावं माणसानं? वादळ म्हटलं तर त्याला काही वजन आहे. इथं कलकत्त्यात चक्रीवादळ येणार म्हटलं की अख्खं शहर मेणबत्त्या आणि बटाटे भरून ठेवतं, आणि प्रत्येक चक्रीवादळाला रीतसर वेगळं नाव मिळतं. वावटळ ही वादळाची रिकामटेकडी चुलत बहीण. मैदानात उठते, पाचोळा गोल फिरवते, चार पावलं नाचते आणि सगळं तिथंच टाकून निघून जाते. असलं नाव ठेवूच नये, आणि ठेवलंच तर एकाला ठेवावं. मी हे काकांना एकदा सांगूनही पाहिलं. ते म्हणाले, “एकच नाव बरं असतं, देवस्थळीबाई. सुटसुटीत.”

सुटसुटीत हा त्यांचा लाडका शब्द. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. केंद्र सरकारच्या एका खात्यात बदलीवर इथं आले आणि इथंच निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी फायलींवर ‘पाहिले’ एवढाच शेरा मारला असावा असा माझा अंदाज आहे. त्यांची चाल अशी की ते लिफ्टपर्यंत पोचेतो लिफ्टचं दार दोनदा मिटतं. बाहेर जाताना पायजम्यावर कोट घालतात. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या, म्हणजे मी इथं येण्याआधी. लोक सांगतात की त्या फार बोलक्या होत्या. तसं असेल तर दोघांच्या वाटचं त्याच बोलत असणार.

मी बँकेत अधिकारी. घर नाशिकला, नवरा नाशिकला, आणि मी एकटी इथं तिसऱ्या मजल्यावर. काका माझ्या डोक्यावर चौथ्या मजल्यावर. इमारतीत मराठी माणसं आम्ही दोघंच, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की आमचं फार छान जमत असेल. काकांचं काहीही झालं की लोक माझ्याकडे येतात. मी त्यांची सून असल्यासारखं.

एका शनिवारी दुपारी काकांचा निरोप आला, “वावटळ पडली. लगेच या.” चौऱ्याहत्तर वर्षांचा एकटा माणूस, आणि घरात काहीतरी पडलेलं. मी हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून अनवाणी वर धावले. कुंडी पडली होती. काका तिच्याजवळ खुर्ची घेऊन बसले होते आणि मातीकडे दुःखाने पाहत होते. भाकरी जळली ती जळलीच, वर मला कुंडी भरावी लागली.

त्यांच्याकडे काम करणारी शेफाली तर रोज हैराण असते. “वावटळ पुसून घे,” असं काका सांगतात आणि ती बिचारी कमरेवर हात ठेवून विचारते, “कोन् बाबोटोल, मेशोमोशाय?” कुठली वावटळ, काका? तिच्या तोंडी ळ बसत नाही, त्यामुळे बाबोटोल. काका आधी तिचा उच्चार दुरुस्त करतात, मग कुठली ते सांगतात. त्या वेळात तिने अख्खं घर पुसलं असतं.

गेल्या वर्षी चक्रीवादळाची सूचना आली आणि सोसायटीने सगळ्यांना गॅलऱ्या रिकाम्या करायला सांगितल्या. काका गॅलरीत उभे राहून खाली ओरडले, “वावटळ आत घ्या.” रखवालदाराने मुकाट्याने स्कूटर ढकलत लिफ्टसमोर आणून लावली. शेफालीने खुर्ची आत ओढली. मांजर मात्र छज्ज्यावर बसलेलं होतं आणि काकांना मांजर हवं होतं. ते शेवटी मी काढलं. त्याच्या नखांच्या खुणा माझ्या मनगटावर अजून आहेत, आणि स्कूटर आठवडाभर लिफ्टसमोर होती.

हे सगळं एक वेळ म्हातारपणाचा चाळा म्हणून सोडून दिलं असतं. पण काकांचा आग्रह असा की इतरांनीही तसंच म्हणायचं. एका रविवारी सकाळी मी वर्तमानपत्र मागायला वर गेले आणि दारातच पायात आलेल्या मांजराला “मने, बाजूला हो,” म्हटलं. काका आतून लगबगीने आले. त्यांची लगबग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ओठांवर बोट ठेवून त्यांनी मला बाहेर घेतलं, पाठीमागे दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले की या घरात तिला वावटळ म्हणायचं, निदान रविवारी सकाळी तरी. मला वर्तमानपत्र मिळालं नाही. खाली येऊन मी नवऱ्याला फोन केला आणि काकांच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं पंधरा मिनिटं सविस्तर सांगितलं.

मग प्रकरण मंडळापर्यंत गेलं. इथं आमचं मराठी माणसांचं एक छोटं मंडळ आहे. बँकेतले, सरकारी खात्यांतले, सेक्टर फाइव्हमधल्या आयटीवाल्यांपैकी चारदोन आणि फोर्ट विल्यमची एकदोन लष्करी कुटुंबं. ज्याची बदली सर्वांत ताजी त्याला चिटणीस करतात, कारण त्याला अजून नाही म्हणता येत नसतं. तशी मी चिटणीस झाले. गणपतीत लहान मुलांची मराठी बोलण्याची स्पर्धा असते. पोरं इथं वाढलेली, त्यामुळे ती ‘माझा आई’ आणि ‘माझी बाबा’ अशी सुरुवात करतात आणि आपण टाळ्या वाजवायच्या. या स्पर्धेच्या करंडकाला नाव हवं होतं. काका सभेत उठले. हातातला कागद उलगडून त्यांनी वाचलं की नाव ‘वावटळ करंडक’ असावं, ते फलकावर मोठ्या अक्षरांत छापावं, आणि अक्षरं कशी असावीत त्याचा नमुना सोबत जोडला आहे.

माझा दिवस वाईट गेला होता. बँकेत तपासणी चालू होती. मी म्हटलं, “काका, घरात काय ते करा. मंडळ म्हणजे तुमचं मांजर नाही.”

सगळे हसले. काकाही हसले. मग त्यांनी कागदाची होती तशी घडी घातली, खिशात ठेवली आणि चहा न घेता निघून गेले. दोन दिवसांनी मंडळाच्या कार्यकारिणीचा त्यांचा राजीनामा माझ्या दाराखालून आत आला. मंडळाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे होती, तिचा त्यात उल्लेखही नव्हता.

मला राग आला. किल्ली आणायला मी रविवारी सकाळी दहा वाजता वर गेले आणि जिना चढताना काय काय बोलायचं ते ठरवलं. दार उघडंच होतं. काका जेवणाच्या टेबलाशी दाराकडे पाठ करून बसले होते. समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा केलेला, आणि फोनमध्ये एक पाचेक वर्षांची मुलगी. दोन वेण्या, एक दात पडलेला. तिने बोट पुढे करून विचारलं, “वावटळ?”

काकांनी मागे वळून टेबलफॅनकडे पाहिलं आणि म्हणाले, “हो. वावटळ.”

बोट सरकलं. “वावटळ?” घड्याळ. “हो, तीपण वावटळ.” मुलगी खुदकन हसली. मांजर टेबलावर चढून फोनसमोर आडवं झालं तेव्हा तर ती “वावटळ, वावटळ,” करत उड्याच मारायला लागली. ळ अगदी ठणठणीत. माझ्या बँकेत वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसांना असा ळ म्हणता येत नाही.

तेवढ्यात पडद्याबाहेरून एका बाईचा आवाज आला, मोडक्या मराठीत. “बाबा, ती दूध पिऊन येईल, तुम्ही ठेवू नको फोन.” मुलगी पळाली. फोनमध्ये नुसती भिंत उरली. काकांनी वळून मला पाहिलं आणि ते ओशाळले. किल्लीसाठी आले असेन असं ओळखून त्यांनी ती कोटाच्या खिशातून काढून माझ्यासमोर ठेवली. घरात बसूनही त्यांनी कोट घातला होता. मी विचारलं, कोण ती?

ती त्यांची नात, निला. मुलगी अनघा लग्न करून कोइमतूरला गेली, जावई तिकडचा. ळ निलाला बापाकडून मिळाला, काका म्हणाले. दीड वर्षाची असताना ती इथं आली होती. खाली मैदानात वावटळ उठली, आणि काकूंनी तिला कडेवर घेऊन ती दाखवली. तो शब्द तेवढा तिला चिकटला. काकांना ती ताता म्हणते, तमिळमध्ये आजोबांना म्हणतात तसं. बाकी सगळं तमिळ आणि इंग्रजी.

मी म्हटलं, “पण अनघा तिच्याशी मराठी का बोलत नाही?”

काकांनी मांजराला टेबलावरून खाली उतरवलं. “अनघा शाळेत होती तेव्हा नियम मीच केला होता. घरात इंग्रजी. ही फार भांडली माझ्याशी. मी म्हटलं, बदलीच्या पोरांना मराठीचा उपयोग काय? मग ही माझ्याशी बोलायची मराठी, आणि मुलगी समोर आली की दोघंही गप्प. आता ही नाही. एवढा एक शब्द आहे निलाकडे. ती तो घेऊन येते दर रविवारी. एकदा पंख्याकडे बोट दाखवलं तेव्हा मी म्हटलं, नाही गं, तो पंखा. ती चूप झाली. पुढचे दोन रविवार फोनवर आलीच नाही. त्यानंतर मी तिला कशालाच नाही म्हटलेलं नाही.”

मी खोलीकडे पाहिलं. पंखा, घड्याळ, खुर्ची, गॅलरीतली कुंडी. फोन ठेवला होता तिथून नेमकं एवढंच दिसत होतं. स्कूटर ते तिला फोन खाली जिन्यापाशी नेऊन दाखवत असणार. मी करंडकाचं विचारलं. ते म्हणाले की ती आता अक्षरं ओळखायला लागली आहे, फलकाचा फोटो पाठवणार होतो, तिचा शब्द छापलेला दिसला असता तिला. “पण तुमचं बरोबर आहे. मंडळ म्हणजे काही माझं घर नाही.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिन्यात ठरवलेलं एकही वाक्य कामाचं राहिलं नाही, आणि सॉरी म्हणायची मला सवय नाही. मी किल्ली उचलली.

तेवढ्यात निला परत आली. ओठांवर दुधाची मिशी होती. तिने मला पाहिलं, डोळे बारीक केले, आणि बोट थेट माझ्यावर रोखलं.

“वावटळ?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सभेत सगळे हसले होते ते त्यांना आठवलं असणार. त्यांनी फोनकडे तोंड केलं, घसा साफ केला, आणि मला कळलं की हा माणूस आता माझा आब राखायला तिला नाही म्हणणार आहे.

“हो,” मीच म्हटलं. खुर्ची ओढून फोनसमोर बसले. “वावटळ. वावटळ आली.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पुन्हा सावकाश म्हटलं, आणि दाराकडून टेबलापर्यंत दोन बोटं चालवून दाखवली. “आली. वावटळ आली.”

“आली,” निला म्हणाली. मग तिने दोन्ही शब्द एकदा पुटपुटून पाहिले, आणि एकदम उडी मारून आत धावत गेली. पुन्हा नुसती भिंत दिसायला लागली. आतून तिचा आवाज तेवढा आला, आईला बातमी द्यावी तसा. “वावटळ आली.”

आणि स्वयंपाकघरातून अनघा मराठीतच म्हणाली, “कोण आली गं?”

काका उठले. पंखा बंद करायला जातोय असं काहीतरी म्हणाले आणि पंख्याजवळून तसेच पुढे आतल्या खोलीत निघून गेले. निला आईचा हात धरून तिला ओढत फोनपाशी घेऊन आली. काका बाहेर येईनात, म्हणून मी बोलत राहिले.