देवधरांची जोड

निळकंठराव देवधर बसमध्ये शेजारीशेजारी बसलेल्या कुठल्याही दोन माणसांकडे निरखून बघतात आणि पुटपुटतात, “जोड नाही.” इंग्लंडातल्या लेस्टरच्या निम्म्या बसला गुजराती कळतं, मराठी कळत नाही, हे त्यांचं नशीब. नाहीतर त्यांनी कधीच मार खाल्ला असता.

दोष त्यांच्या नोकरीचा. आम्ही दोघं एकाच लॅबमध्ये. मेंदूतल्या दोन पेशी जिथे एकमेकींना निरोप देतात, त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. देवधर तिला जोड म्हणतात. सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोंत ती शोधणारा प्रोग्रॅम ते लिहितात. मला ते फोटो करपलेल्या साबुदाण्याच्या खिचडीसारखे दिसतात.

“नुसत्या चिकटल्या म्हणून जोड होत नाही,” ते मला बजावतात. “या बाजूला पुरचुंड्या हव्यात, समोर गडद काठ हवा. शंका असेल तर जोड नाही.” पुरचुंड्या म्हणजे निरोपाचं रसायन भरलेल्या इवल्याशा पिशव्या.

हा नियम त्यांनी फोटोंपुरता ठेवला असता तर प्रश्नच नव्हता. पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत खजिनदार आणि त्यांच्या मिसेस फोटोसाठी खेटून उभे राहिले, तेव्हा हे सगळ्यांदेखत म्हणाले, “चिकटलेत नुसते.” तेव्हापासून त्यांना आरतीचं बोलावणं येत नाही.

आमच्या बॉस हेलनबाई वर्षभर सांगत होत्या, तुमचा प्रोग्रॅम फार कमी सिनॅप्स शोधतो, नियम जरा सैल करा. हे ढिम्म. शेवटी बाईंनी चाचणीच ठेवली. नापास झालात तर बाहेरचं सॉफ्टवेअर विकत घेऊ, म्हणाल्या. म्हणजे देवधरांनी घरी बसायचं.

चाचणीत बाईंनी मुद्दाम नुसत्या चिकटलेल्या पेशींचे फोटो पेरले होते. बाहेरचं सॉफ्टवेअर दर वेळी फसलं. देवधरांचा प्रोग्रॅम एकदाही फसला नाही, आणि खरी जोड त्यानं एकही सोडली नाही. हेलनबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मी तर शिट्टी मारली. केक आला. देवधरांनी मात्र आपला तुकडा टिश्यूत गुंडाळून खिशात घातला.

संध्याकाळी मी त्यांना गाडीनं घरी सोडलं. ते स्वतःच्या दाराकडे न जाता शेजारच्या फाटकाशी थांबले. तिथे टॉम नावाचे म्हातारे एकटेच राहतात. दोन्ही घरांची भिंत एक, पण इतक्या वर्षांत बोलणं झालं ते कचऱ्याचा बिन कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा एवढ्यापुरतं.

“आज कुणाला तरी सांगावंसं वाटतंय,” देवधर म्हणाले. “पण इथे जोड नाही गं.”

“पुरचुंडी तर आणलीय ना तुम्ही,” असं म्हणून मी बेल दाबली आणि बाजूला झाले.

टॉमनी दार उघडलं. देवधरांनी टिश्यू पुढे केला. “माय प्रोग्रॅम पास्ड.”

टॉमनी केककडे पाहिलं, मग या पन्नाशीच्या माणसाकडे. “वेल डन, लॅड,” ते पोराला म्हणावं तसं म्हणाले. “कम इन, केटल इज ऑन.”

दार लागलं. मी गाडीशी पोचेपर्यंत आतून दोघांचं हसणं ऐकू यायला लागलं होतं. जोड होती. मला शंका नव्हती.